बोलणी आधी कोणी सुरू करायची?

सर्व्हेचं काम करणाऱ्यांकडे किस्से कसे साठतात, सांगू? फॉर्मवर उत्तरासाठी एक छोटा चौकोन असतो. माणूस अर्धा तास बोलतो आणि चौकोनात मावतो एक आकडा! उरलेलं सगळं आपल्याच डोक्यात राहतं. आमचे फॉर्म केव्हाच पुण्याला गेले, त्यांचे तक्तेही झाले असतील. आम्ही मात्र अजून मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत उरलेलं वाटून घेतोय.

आधी विषय ऐका. 'युद्ध आणि हिंसक संघर्षाबद्दल ग्रामीण नागरिकांची मतं.' पुण्याच्या एक प्राध्यापक बाई होत्या, त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या लोकांना युद्धाबद्दल काय वाटतं, शत्रू कोण वाटतो, तह करावासा वाटतो का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी दोन माणसं घेतली. एक मी, मयुरी, राज्यशास्त्रात एम.ए., गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या जरा अलीकडे. दुसरा भास्कर, डोळखांबकडचा. त्या भागातला प्रत्येक पाडा त्याला माहीत आणि प्रत्येक पाड्यावरचं कुत्रं त्याला ओळखतं.

काम चैत्रात सुरू झालं आणि वैशाखात माझं लग्न होतं. आई रोज ओरडायची, "नवरीनं असं उन्हात फिरतात का गो?" पण मला उन्हाची नाही, दुसरीच काळजी होती. आमच्याकडे लग्नाचा मांडव भावकी घालते, आणि आमच्या भावकीतलं पहिलं घर धाकट्या काकांचं. बाबा आणि काका नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

कारण ऐकाल तर हसाल. भाताचं बी पेरण्याआधी आम्ही पालापाचोळा, फांद्या पसरून जमीन भाजतो. त्याला राब म्हणतात. त्यासाठी बांधावरच्या ऐनाच्या झाडाच्या फांद्या दोघा भावांत निम्म्या-निम्म्या ठरलेल्या. एका वर्षी बाबांनी सगळ्याच तोडल्या. बस्स! ज्या काकांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी यात्रा बघितली, ते आता मला बघून रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. दागिने, बस्ता, सगळं कमी-जास्त झालं असतं तरी चाललं असतं. मांडवाला मला काका हवे होते.

* * *

पहिला किस्सा ट्रेनिंगचा. शहापूरला एका हॉलमध्ये मॅडमनी आम्हाला तीन दिवस शिकवलं. "प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. समजावून सांगायचा नाही. आणि उत्तर ऐकताना चेहरा कोरा पाहिजे. मान हलवायची नाही, हसायचं नाही, 'अरे वा' म्हणायचं नाही!"

आता भास्करची पंचाईत झाली. तो समोरच्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच मान डोलावणारा माणूस. बिचारा रोज बाइकच्या आरशात बघून कोरा चेहरा करायची प्रॅक्टिस करायचा.

पहिलंच घर एका म्हातारीचं निघालं. भास्कर ओसरीवर बसला, चेहरा कोरा केला आणि वाचायला लागला. दोन प्रश्न झाले. म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "घरात कोण गेलं रे बाळा?"

उत्तर द्यायची परवानगी नाही! भास्करनं पुढचा प्रश्न वाचला, "युद्धामुळे सामान्य कुटुंबांना दुःख भोगावं लागतं, असं तुम्हाला वाटतं का?"

"वाटतं रे, वाटतं," म्हातारीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पण तू रडून घे. असं मनात ठेवू नको."

तिनं त्याला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं, तो जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली. फॉर्मच्या शेवटी शेरा लिहायला जागा असते. तिथे भास्करनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'उत्तरदात्या महिलेने मुलाखतकाराचे सांत्वन केले.'

* * *

मुरबाडच्या पुढे एका गावात एक शेतकरी भेटले. टीव्हीवर रोज कुठलं ना कुठलं युद्ध चालू असायचं, त्यामुळे माणूस एकदम तयारीत होता.

मी वाचलं, "गरज पडल्यास देशानं युद्ध करावं, याला तुमचा पाठिंबा आहे का?"

"हाय म्हणजे? पूर्ण पाठिंबा!" मी चौकोनात आकडा लिहिणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण कधी?"

मी म्हटलं, "प्रश्न पुन्हा वाचू का?"

"प्रश्न समजला. पण आता राब भाजायचाय. मंग पेरणी. आवणीला, रोपं लावायला, तर माणूस मिळत नाय. गणपती झालं की कापणी, मंग झोडणी. तुळशीचं लगीन झालं की गावात लग्नाच्या तारखा." ते बोटांच्या पेरांवर महिने मोजत होते. "माघात जमंल असं वाटतं."

आतून बायकोचा आवाज आला, "माघात माझ्या भावाच्या घराची वास्तुशांत हाय!"

"माघ पण गेला," ते खरंच ओशाळले. "लिव्हा मॅडम, पाठिंबा हाय, पण टाइम नाय."

रात्री फॉर्म तपासताना मॅडमनी फोन केला. "मयुरी, इथे तू सशर्त पाठिंबा लिहिलायस. अट कोणती?"

मी म्हटलं, "फुरसत, मॅडम."

* * *

रागाचा किस्सा डोळखांबचा. आमच्याकडे एक कार्ड होतं, त्यावर दहा पायऱ्यांची शिडी काढलेली. 'शत्रू देशाबद्दल तुमच्या मनात किती राग आहे?' म्हणून विचारायचं आणि माणसानं पायरीवर बोट ठेवायचं. एक म्हणजे अगदी थोडा, दहा म्हणजे जास्तीत जास्त.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर हे कार्ड काढलं तर बोटं दहाच्या वर जायची. एकानं तर कार्डाबाहेर हवेत बोट ठेवलं!

डोळखांबकडच्या पाड्यावर निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं कामाला बाहेरगावी गेलेली. एक बाई मात्र रस्त्याच्या कडेला हंड्यांच्या रांगेशेजारी बसलेली सापडली. मोठाली धरणं याच तालुक्यात, पण चैत्र-वैशाखात पाणी येतं टँकरनं. मी कार्ड पुढे केलं. बाईनं नीट विचार करून तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं.

'का' असं विचारायचं नसतं. पण ती आपणहून म्हणाली, "बाकीचा राखून ठेवलाय."

"राखून?"

"तीन दिस टँकर नाय आला. आज बी नाय आला तर लागंल ना!"

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. बाई उठून पळाली, पाठोपाठ सगळा पाडा पळाला. अर्ध्या तासानं ती भरलेले दोन हंडे घेऊन, ओलीचिंब होऊन परत आली. हंडे उतरवले, पदरानं तोंड पुसलं, आणि जाताजाता माझ्या कार्डावर सातव्या पायरीला बोट लावलं. "आता त्या देशाला देयाला हरकत नाय!"

भास्कर बाइक सुरू करता करता म्हणाला, "त्या देशाला पत्ता पण नसंल, की आपल्यावरचा राग टँकरमुळं वाढला."

* * *

आमचा एक मोठा नियम म्हणजे मुलाखत एकट्याची घ्यायची. यादीत बाईचं नाव असेल तर फक्त बाईनं बोलायचं. कागदावर सोपं आहे हो! प्रत्यक्षात बाईला प्रश्न विचारला की दारामागून नवरा उत्तर देतो.

शहापूरकडच्या एका घरी असंच चाललं होतं. मी विचारायची, "ताई, तह करणं म्हणजे कमजोरी, असं तुम्हाला वाटतं का?" आणि दारामागून यायचं, "वाटतं, वाटतं! पुढचा घ्या!"

शेवटी भास्कर नवऱ्याला म्हणाला, "दादा, तुमचा वेगळा फॉर्म आहे. जरा मोठा आहे. बाहेर आंब्याखाली बसू." आणि जुन्या वहीची पानं काढून तो गंभीरपणे त्याची मुलाखत घ्यायला बसला.

इकडे त्या ताईचं आधी, "माझं मत? लढाईचं?" असं दोनदा विचारून झालं. मग जी सुरू झाली! सैनिकांच्या बायकांना कोण विचारतं, टीव्हीवर ओरडणारे स्वतः का जात नाहीत, तह करणाऱ्याला जास्त छाती लागते. मला चेहरा कोरा ठेवणं फार जड गेलं. आतल्या आत तीन वेळा 'अरे वा' म्हणून झालं माझं.

निघताना तिनं विचारलं, "उद्या पण येणार का?"

"का हो, काही सांगायचं राहिलं का?"

"नाय. ते इतका टाइम कधी भाईर बसत नाय, म्हणून इचारलं."

* * *

एक किस्सा हसण्याचा नाही, पण तो वगळला तर बाकीचे खोटे वाटतील.

मुरबाडला पिठाची गिरणी चालवणारे एक माजी सैनिक आमच्या यादीत निघाले. मी खूश झाले. इतके दिवस न गेलेल्यांची मतं ऐकत होते, हा गेलेला माणूस! गिरणीवर पाच-सहा गिऱ्हाईकं डबे घेऊन उभी होती, म्हणून मी थांबते म्हटलं. ते म्हणाले, "नको, विचारा. ही आपलीच माणसं हायत."

युद्ध योग्य असतं का? "सांगता येत नाही." युद्धानं प्रश्न सुटतात का? "सांगता येत नाही." शत्रूबद्दल किती राग? त्यांनी कार्ड हातात घेतलं, सगळ्या पायऱ्या बघितल्या, परत दिलं. "सांगता येत नाही."

एक गिऱ्हाईक वैतागलं, "आरे सांग ना! तूच तर जाऊन आलास!" त्यांनी त्याच्या डब्यात पीठ भरलं, डबा ठोकून बसवला, झाकण लावून दिलं.

शेवटपर्यंत एकच उत्तर. मी फॉर्म मिटला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे 'सांगता येत नाही' जास्ती झालं तर तुमचा फॉर्म बाद होतो का?"

"नाही, काका."

"मग राहू द्या तसंच."

मला त्या दिवशी आमच्या त्या शिडीच्या कार्डाची लाज वाटली.

* * *

आता माझ्या गावाचा.

मतदार यादीतून मॅडमनी चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं काढलेली. आमच्या गावातली दहा नावं आली, आणि त्यातल्या एका फॉर्मवर नाव होतं माझ्या काकांचं! पण नियम होता की नातेवाइकाची मुलाखत घ्यायची नाही, म्हणून तो फॉर्म भास्करकडे गेला.

पहिल्या खेपेला काका भास्करला म्हणाले, "आज येळ नाय." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "तुमच्यात ती दुसरी मॅडम हाय ना, तिला पाठवा."

भास्कर म्हणाला, "काका, ती तुमची पुतणी. नातेवाईक चालत नाय."

"ती माझी कोण लागत नाय! नऊ वर्षं झाली. गावात कोणालाबी विचार."

आता दुसरा कोणी असता तर समजून हसला असता. पण भास्कर नियमाचा पक्का. त्यानं खरंच गावात विचारलं! चार जणांनी साक्ष दिली की बरोबर आहे, त्यांचं काही जाणं-येणं नाही. मग त्यानं मॅडमना फोन लावला. मॅडमनी खूप विचार करून सांगितलं, "तिसरी खेप फुकट गेली तर ते घर सोडून द्यावं लागेल. लेखी घेऊन टाक त्यांच्याकडून."

काकांनी लिहून दिलं, 'सदर मुलाखतकार बाई माझ्या कोणीही लागत नाहीत,' खाली सही. भास्करनं तो कागद माझ्या हातात ठेवला. वाचून मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेले. नऊ वर्षांनी त्या ओसरीवर बसले. काका म्हणाले, "बसा मॅडम." काकूनं पाणी आणलं, आणि वाटीभर करवंदं.

काका म्हणाले, "त्यांना पाण्याशिवाय काय घ्याला चालत नाय. नियम असंल."

"नियम गेला चुलीत!" म्हणून काकूनं वाटी माझ्या मांडीवरच्या फॉर्मवर ठेवली.

मी वाटी बाजूला केली आणि वाचायला लागले. नाव, वय, शिक्षण. मग, "कुटुंबात एकूण किती माणसं?"

काका, काकू आणि दोन मुलगे. मला माहीत होतं, पण उत्तर त्यांनीच द्यायचं असतं.

"पाच," काका म्हणाले. "वैशाखात चार होतील."

काकूनं तोंड दाराकडे फिरवलं. मी पाच लिहिलं. चेहरा कोरा ठेवला की नाही ते मला विचारू नका.

मग युद्धाचे प्रश्न आले. काका एकेकाचं उत्तर देत होते, मी आकडे टाकत होते. सव्विसावा प्रश्न आला. "दोन देशांत दीर्घकाळ शत्रुत्व असेल, तर बोलणी आधी कोणी सुरू करावी? एक, ज्याची चूक आहे त्यानं. दोन, जो जास्त ताकदवान आहे त्यानं. तीन, तिसऱ्या देशानं मध्ये पडावं. चार, बोलणी करूच नयेत. पाच, इतर."

"परत वाचा," काका म्हणाले.

मी परत वाचलं.

"यात थोरल्यानं करावी, असं कुठं हाय?"

"नाही."

"मंग इतर लिव्हा. थोरल्यानं!"

मी लिहिलं, 'इतर, थोरल्याने.' मुलाखत संपताना एक वाक्य मोठ्यानं वाचायचं असतं, तेही वाचलं. "तुम्ही दिलेली उत्तरं गोपनीय राहतील आणि कोणालाही सांगितली जाणार नाहीत."

"कोणालाच?"

"कोणालाच."

"थोरल्या घरी पण नाय?"

"नाही."

काका ताडकन उठले. "मंग आलीस कशाला?"

* * *

घरी पोचले तर बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. भास्करनं सगळ्या गावाला विचारल्यामुळे सगळ्या गावाला कळलेलं.

"काय बोलला?"

"सांगता येत नाही, बाबा. गोपनीय असतं."

"बापाला पण नाय?"

"बापाला पण नाही."

चार दिवस हेच. जेवताना, झोपताना, पत्रिकेवर नावं घालताना. मला आतून उकळ्या फुटत होत्या! एका वाक्यात काम होणार होतं आणि तेच वाक्य मला बोलता येत नव्हतं. भास्करला विचारलं, तर तो म्हणाला, "शपथ घेतलीय आपण. मी पण तुला विचारला नाय, बघ." आई म्हणाली, "असली कसली गो तुझी नोकरी, चांगलं सांगायला बंदी!"

पाचव्या दिवशी बाबा माझ्यासमोर मांडी घालून बसले. "माझा पण सर्वे घे."

"तुमचं नाव यादीत नाही, बाबा."

"नसू दे. तुझी प्रॅक्टिस होईल."

घेतला. बाबांनी सव्विसाव्या प्रश्नाला पर्याय नीट ऐकून घेतले आणि ठामपणे सांगितलं, "इतर. धाकट्यानं करावी. लहानानं मोठ्याकडं यायचं असतं."

मी पेन खाली ठेवलं. दोन्ही बाजूंचं मला माहीत, आणि दोन्ही बाजूंना सांगायची चोरी. मांडवाला सहा दिवस उरले होते. त्या दुपारी मी एकटी बसून चांगली रडले.

* * *

मॅडमची एक पद्धत होती. आम्ही फॉर्म खोटे भरत नाही ना हे बघायला त्या दहातल्या एका घरी स्वतः जायच्या आणि थोडे प्रश्न पुन्हा विचारायच्या. त्याला बॅक-चेक म्हणतात. कुठल्या घरी जाणार ते आम्हालाही सांगत नसत.

मांडवाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात खाटेवर तांदळाचे पापड घालत होतो. मी, आई, आणि चुलत्या-मावश्या कोणी नाहीत म्हणून बाबासुद्धा! फोन वाजला. माझे हात तेलाचे, म्हणून कोपरानं स्पीकर दाबला.

"मयुरी," मॅडमचा आवाज चांगलाच कडक होता, "तुझ्या एका फॉर्ममध्ये घोळ आहे. नाव घेत नाही. प्रश्न सव्वीस. तू नीट विचारला होतास का?"

मी म्हटलं, "हो मॅडम. दोनदा वाचला होता."

"मग आत्ता उत्तर बदललं कसं? मी विचारते बोलणी कोणी सुरू करावी, आणि तो माणूस सांगतो, मांडवाच्या आधी! मी म्हटलं, कधी नाही हो, कोणी? तर म्हणे, कोणीपण करा, पण मांडवाच्या आधी. तीनदा विचारलं, तीनदा तेच! आता मला सांग, याला कोड काय द्यायचा?"

बाबांच्या हातातला पापड अर्धा खाटेवर, अर्धा हातात.

"कोणाचा फॉर्म?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही, बाबा."

बाबांनी पापड ठेवला. हात धुतले, शर्ट घातला, उलटी बटणं लावली, आणि चपला न घालताच निघाले. मी फोनमध्ये म्हटलं, "मॅडम, इतर लिहा," आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं गेली. मग काकांच्या घराकडून आवाज सुरू झाला. आधी बाबांचा, "एका झाडापायी नऊ वर्षं बसलास!" मग काकांचा, त्याच्या दुप्पट, "अख्खा बोडका केलास ना ऐन! एक डहाळी ठेवली नाय!" "दर साल फुटतो तो!" "फुटतो म्हणून सगळा तोडायचा?" गल्लीतले लोक बाहेर आले, कुत्री भुंकायला लागली.

फोन पुन्हा वाजला. मॅडम कुजबुजत होत्या, आवाज थरथरत होता. "मयुरी, मी इथे देवळामागे उभी आहे. पलीकडच्या गल्लीत दोन माणसं भयंकर भांडतायत! अगदी हातघाईवर येतील. मी इतकी वर्षं संघर्षावर काम करते, पण असं समोर कधी... पोलिसांना फोन करू का?"

आईनं फोनकडे तोंड वाकवलं, हात तसेच पापडाच्या पिठात. "मॅडम, घाबरू नका हो. नऊ वर्षांनी बोलाय लागलेत ते!"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उठ गो, चहा टाक. पातेलं मोठं घे."